बालकांतील वृश्चिकदंश : वेदना अल्प, संकट मोठे

पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री नऊच्या सुमारास चार वर्षांचा एक बालक चिकित्सालयात आणला गेला. एकाएकी रडणे, दोन वेळा वांती व दरदरून घाम, एवढाच इतिहास. पालकांना अजीर्णाची शंका होती. तथापि हातपाय थंडगार, नाडी अतिशीघ्र व शिश्न ताठरलेले आढळताच वृश्चिकदंशाचे निदान करून त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले. मागाहून घरी अंथरूण झटकले असता तांबडा विंचू निघाला. दंशाची खूण कोठेही दिसली नव्हती.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वृश्चिकांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन प्रकार सांगितले आहेत. कोकणातील तांबडा विंचू व्यवहारात महाविषच समजावा. त्याच्या विषामुळे कॅटेकोलामाइन द्रव्ये रक्तात एकदम वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी साठते. बालकाचे वजन कमी असल्याने विषाचा प्रभाव अधिक होतो. विशेष म्हणजे, सार्वदेहिक लक्षणे तीव्र असताना स्थानिक वेदना बहुधा अल्प असते. येथेच फसगत होते.

महाड येथील डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या पूर्वलक्षणांकडे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून लक्ष वेधले व पुढे प्रेझोसिनचा उपयोग सिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेला मृत्युदर त्यामुळे ४ टक्क्यांच्या खाली आला. प्रेझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसून आले.

आपल्या चिकित्सालयात पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. अकारण रडणारे, घामाघूम व थंड हातपायांचे बालक दिसताच विंचवाची शंका घ्यावी.

२. प्रेझोसिनची मात्रा दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. त्यानंतर रक्तदाब उतरू शकतो. म्हणून बालकास आडवेच ठेवावे, उचलून उभे करू नये.

३. अ‍ॅट्रोपिन देऊ नये. ते अपायकारक ठरते.

४. खोकला, धाप किंवा फेसाळ गुलाबी कफ म्हणजे फुफ्फुसांत पाणी. प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे.

दंशस्थानी लेप लावण्यास हरकत नाही. मात्र लेप वाळेपर्यंत वाट पाहणे बालकाच्या जिवावर बेतू शकते. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणे हेही चिकित्साकर्मच होय.