ऑनलाइन व्यायाममार्गदर्शन : तक्त्याच्या आधी

"सर, चार्ट कधी धाडता?" मालेगावच्या एका सोयाबीन-उत्पादक गृहस्थांची परवाची ही पृच्छा.

तक्त्यापूर्वी मी प्रश्नावली पाठवतो. तीत रक्तदाब, जुन्या दुखापती, निद्रा व कामाचे तास यांचा तपशील असतो, आणि छातीत दुखणे वा भोवळ आढळल्यास डॉक्टरांच्या संमतीविना काहीही मुक्रर करीत नाही.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून जो शिक्षक समोर उभा असतो, तो मोबाइलवर नसल्यामुळे बैठकांची बाजूने घेतलेली चित्रफीत मागवणे क्रमप्राप्त ठरते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायुबलवर्धक व्यायाम सुचवते; परंतु पेरणीत दिवसभर राबणाऱ्यास आणखी चालावयास सांगणे शुद्ध अविचार!

शंका अवश्य विचाराव्यात. दुखापतीची हकिकत मात्र खासगीत कळवावी.