दलालीचा धंदा, आतून
लेखांक 4 : कुणाच्या ऑफिसात बसायचं?

गेल्या आठवड्यात आपण महारेराच्या परीक्षेपर्यंत आलो होतो. 20 तासांचं प्रशिक्षण झालं, परीक्षा पास झालात, प्रमाणपत्र हातात आलं. आता बसायचं कुठे? 10 हजार रुपये फी भरून 5 वर्षांची वैयक्तिक नोंदणी घेता येते आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची पाटी लावता येते. पण नुसत्या पाटीला बघून कुणी आत येत नाही, आणि पहिला व्यवहार होईपर्यंत पेट्रोल आपल्याच खिशातून जातं. म्हणून बहुतेक जण आधी कुणाच्या तरी हाताखाली लागतात.

पुण्या-मुंबईत त्याचे ढोबळ दोन रस्ते. एक, सोसायटीखालच्या गाळ्यातला इस्टेट एजंट : भाडं आणि रिसेल. दुसरा, बिल्डरांचे नवे प्रकल्प विकणारी चॅनल पार्टनर कंपनी, धंद्याच्या भाषेत ‘सीपी’. तरुण मुलं हमखास दुसरीकडे ओढली जातात. एसी ऑफिस, ब्रोकर मीटचं जेवण, आणि मुलाखतीतलं ते वाक्य : ‘आम्ही निम्मं निम्मं करतो.’

हिशेब मांडून बघू. 80 लाखांचा फ्लॅट, बिल्डरची दलाली अडीच टक्के धरली तर 2 लाख. निम्मे म्हणजे तुमचे 1 लाख. टीडीएस जाईल, 2024च्या ऑक्टोबरपासून तो 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. खरी मेख आहे ती पैसे कधी मिळतात यात. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्लायंटचं कर्ज मंजूर व्हायचं, करार नोंदवला जायचा, मग बहुतेक बिल्डर तुमच्या कंपनीचं बिल हातात घेतात, आणि कंपनीला पैसे आले की तुमची पाळी. पाडव्याच्या बुकिंगचे पैसे गणपतीत हातात पडले तरी नशीब म्हणायचं. मधेच बुकिंग रद्द झालं तर दिलेलं इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापणारेही आहेत. म्हणून टक्के मागाहून विचारा. आधी विचारा, बिल्डरकडून पैसे येईपर्यंत दरमहा हातात काय पडणार?

दुसरी गोष्ट टॅगिंगची. क्लायंट साइटवर येण्याआधी त्याचं नाव आणि मोबाइल नंबर बिल्डरकडे नोंदवायचा. ज्याच्या नावावर नोंद, त्याची दलाली. माझ्या पहिल्या वर्षी एका जोडप्याला मी तीन रविवार घर दाखवत फिरलो. चौथ्या रविवारी ते बुकिंगला आले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, हे आधीच टॅग आहेत.’ टॅग आमच्याच ऑफिसातल्या सीनियरच्या नावावर होता. तो नंबर मीच आठवड्यापूर्वी ऑफिसच्या शीटमध्ये भरला होता. तक्रार करायला गेलो तर कळलं, शीटमधली लीड कंपनीची, आणि कंपनी ती कुणालाही देऊ शकते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीही विचारलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष गाळ्यात काढावं. लीव्ह अँड लायसन्सच्या करारांत दलाली थोडकी, साधारण महिन्याच्या भाड्याइतकी, पण ती लवकर येते, आणि महाराष्ट्रात हा करार नोंदवावाच लागत असल्यामुळे नोंदणीची सगळी वाट पायाखालची होते. रिसेलमध्ये तर कागद वाचायला शिकता. मी ज्यांच्याकडे शिकलो ते काका शेअर सर्टिफिकेट हातात आलं की आधी उलटं करायचे. ‘पुढे काय छापलंय ते कुणीही वाचेल. मागच्या बाजूला ट्रान्सफरच्या नोंदी बघ, कुणापासून कुणाकडे आलं ते जुळतंय का.’ एकदा मधली एक नोंदच नव्हती. वडील वारले होते आणि मुलाने फ्लॅट आपलाच समजून विकायला काढला होता. बहिणींना पत्ता नव्हता. ते टोकन काकांनी घेतलं नाही.

गाळ्यातही पारखून घ्यावं लागतं. ‘आम्ही रिसेलवाले, आम्हाला कशाला रेरा’ म्हणणारे भेटतात. जुन्या सोसायटीतल्या घराबाबत ते फारसं चुकीचं नाही, पण तिथूनच नोंदणीकृत प्रकल्पातला एक फ्लॅट विकायला घेतला की एजंटची नोंदणी लागते. नसली तर दंड दिवसाला 10 हजार, फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचा क्रमांक दोन मिनिटांत तपासता येतो.

आणि रुजू होण्याआधी त्या ऑफिसातून सोडून गेलेला एखादा माणूस शोधून त्याला चहा पाजा. शेवटचा हिशेब मिळाला का, आणि निघताना त्याच्या चालू व्यवहारांचं काय झालं, एवढंच विचारा. मग मालकाकडे याच दोन गोष्टी एका साध्या पत्रावर लिहून मागा. ‘कागद कशाला, आपण घरचेच ना,’ असं उत्तर आलं, तर त्यांचाही चहा प्या आणि निघा.

(पुढच्या आठवड्यात : पहिली साइट व्हिजिट)