नेरळच्या शेतात बिनइंजिनाचे विमान

नेरळ स्टेशनातून माथेरानच्या डोंगराकडे पाहिले, तर हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास घारी वर चढताना दिसतात. पंख हलवीत नाहीत, नुसत्या गोल गोल फिरत वर जातात. डोंगराचा नेरळकडचा उतार पूर्वेला तोंड करून आहे. सकाळचे ऊन आधी त्यावर पडते, खडक तापतो, त्याला लागलेली हवा गरम होऊन हलकी होते व वर सरकते. घार त्या वर जाणाऱ्या हवेत बसते. हे ज्याला समजले त्याला बिनइंजिनाच्या विमानाचे, म्हणजे ग्लायडरचे, अर्धे शास्त्र समजले. उरलेले अर्धे हाताने केल्याशिवाय समजत नाही, आणि ते घरी, थोड्या पैशांत करता येते, हे पालकांना सांगण्यासाठी हा लेख.

विमान म्हणजे इंजिनिअरांची आणि पैसेवाल्यांची गोष्ट, असा आपल्या पुष्कळ घरांत समज आहे. मूल आकाशाकडे बोट दाखवते आणि आपण त्याला गणिताच्या वहीकडे वळवतो. पण विमानाचा इतिहास काय सांगतो? अमेरिकेतील राइट बंधूंना 1878 साली वडिलांनी एक खेळणे आणून दिले होते. बांबू, कागद, बूच आणि रबर यांचे ते उडते खेळणे होते. पुढे हे दोघे भाऊ सायकलचे दुकान चालवीत. हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला दोघांपैकी कोणाकडेही नव्हता. त्यांनी आधी ग्लायडर बनवले, लाकडी पेटीत वारा सोडून पंखांचे शेकडो नमुने तपासले आणि मग 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाचे विमान उडवले. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे होते. त्यांच्याही शंभर वर्षे आधी, 1804 साली, इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी एका काठीला पतंगासारखा पंख व मागे शेपूट लावून हाताने फेकायचे ग्लायडर केले होते. आजच्या विमानाचा आराखडा तिथून निघाला.

छोट्या ग्लायडरसाठी जगभर बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हे झाड दक्षिण व मध्य अमेरिकेतले. सर्वात जास्त बाल्सा इक्वाडोर देशातून येतो. आपल्याकडच्या काटेसावरीच्या गोतातलेच हे झाड आहे. ते सपाट्याने वाढते आणि सहा ते दहा वर्षांत तोडणीला येते. 1947 साली थोर हायरडाल या नॉर्वेच्या माणसाने बाल्साच्या ओंडक्यांचा तराफा करून पॅसिफिक महासागरात 101 दिवस प्रवास केला होता. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रजांच्या 'मॉस्किटो' विमानाच्या धडातही बाल्सा होता. म्हणजे लाकूड हलके असले तरी लेचेपेचे नाही.

आम्ही कारकुनी करणारे, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. 30 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद आणि 2 मिलिमीटर जाड पंख घ्या. त्याचे आकारमान 36 घनसेंटिमीटर. बाल्साचे वजन एका घनसेंटिमीटरला साधारण 0.16 ग्रॅम, म्हणजे पंख सुमारे 6 ग्रॅमचा झाला. तोच पंख सागवानाचा केला तर 23 ग्रॅमच्या आसपास जाईल. वजन चौपट झाले की तेच विमान हवेत टिकायला दुप्पट वेगाने जावे लागते. तेवढ्या वेगाने ते भिंतीवर आदळले तर काय होईल, हे सांगायला नको.

अडचण अशी की बाल्साची शीट नेरळ-कर्जतच्या दुकानांत सहसा मिळत नाही, मुंबई-पुण्याहून मागवावी लागते. एक शीट शे-दोनशे रुपयांच्या घरात जाते आणि पहिले विमान मोडणारच. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की सुरुवात बाल्साने करूच नये. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून जो थर्माकोल येतो, त्याची 5 मिलिमीटरची चकती कापावी. तेवढाच पंख त्यात दोन ग्रॅमही भरत नाही. थर्माकोल मोडतो, म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला पतंगाच्या कामटीसारखी बांबूची बारीक कामटी चिकटवावी. धडालाही बांबूचीच 28 सेंटिमीटरची कामटी घ्यावी. शेपटीला जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम. आडवी शेपूट 10 सेंटिमीटर लांब व साडेतीन सेंटिमीटर रुंद, आणि तिच्यावर उभा पंखा 4 सेंटिमीटरचा. चिकटवायला लाकडाचा पांढरा गोंद पुरतो, मात्र तो बोटाने पुसून पातळ लावावा. मुले गोंद लावतात की लापशी ओततात, असा प्रश्न पडतो. काही रबरी गोंदांनी थर्माकोल विरघळतो, ते टाळावेत. ब्लेड वापरताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

पंख सरळ पट्टीसारखा लावू नये. मधोमध अर्धवट कापून दोन्ही टोके धडापेक्षा दोन-दोन सेंटिमीटर वर उचलावीत, उथळ 'व्ही' अक्षरासारखी. विमान एका अंगाला कलंडले की ते त्याच बाजूला घसरू लागते. तेव्हा खालच्या बाजूच्या पंखाला हवा जास्त तिरकी लागते, तो जास्त उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होते. आत बसून सांभाळणारे कोणी नसते, म्हणून ही सोय.

इथेच या खेळाचे खरे मर्म आहे. पतंगाला दोरी असते, रिमोटच्या विमानाला बटणे असतात. मोकळ्या उड्डाणाच्या ग्लायडरला हातातून सुटल्यावर काहीही सांगता येत नाही. जे करायचे ते आधीच करून ठेवावे लागते.

पहिली गोष्ट तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे 6 सेंटिमीटरच्या पंखाला 2 सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंनी बोटांची टोके खाली लावून विमान उचलावे. ते आडवे राहिले पाहिजे. बहुधा शेपूट खाली जाते. मग नाकाला प्लॅस्टिसिन किंवा मेण लावावे. कणीक लावू नये. ती वाळते, हलकी होते आणि दुपारी तोल बिघडतो.

मग वारा नसताना, डोक्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून विमान हलके पुढे सोडावे. मुलांना चेंडूसारखे वर भिरकवायची हौस असते, ती पहिल्या दिवशी आवरावी. विमान नाक वर करून थबकले आणि मग धपकन खाली आले, तर नाकाला थोडे वजन वाढवावे. सरळ जमिनीत घुसले, तर वजन काढावे किंवा आडव्या शेपटीची मागची कड केसभर वर वळवावी. एका बाजूला वळत असेल तर उभ्या पंख्याची मागची कड उलट बाजूला वाकवावी. घार आपली दुभंगलेली शेपटी पिळून वळते, ते पाहून हे मुलांना चटकन कळते. नीट तोललेले विमान दीड मीटर उंचीवरून सात-आठ मीटर सहज जाते.

मात्र एका वेळी एकच बदल करावा. वजनही वाढवले, शेपूटही वाकवली, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. प्रत्येक फेक वहीत लिहावी: काय बदलले, किती पावले गेले. समाजमंदिरासमोरच्या पटांगणात आमच्याबरोबर येणाऱ्या मुलांत सातवीतली एक मुलगी आहे. तिच्या वहीत 22 फेकींची नोंद होती, पहिली चार पावलांची आणि शेवटची चौदा. तिने ते थर्माकोलचे विमान तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेले, तेव्हा 'हे खेळणे आहे' म्हणून त्याला टेबल मिळाले नाही. विकत आणलेली चकचकीत मॉडेले मात्र मांडली गेली. वही कोणी उघडून पाहिली नाही. आमच्या मते विज्ञान त्या वहीत होते. शिक्षकांनी आणि पालकांनीही मॉडेल पाहण्याआधी वही मागावी.

बाहेर उडवायला भातकापणीनंतरची शेते चांगली, तीही सकाळी सूर्य वर येण्याआधी, हवा शांत असताना. कापणीनंतर पुष्कळ ठिकाणी ओलीवर वाल पेरलेला असतो. तो तुडवला जाऊ नये, म्हणून शेतकऱ्याला विचारूनच आत जावे. रेल्वेच्या बाजूला कदापि जाऊ नये. गाड्यांवरील तारेत 25,000 व्होल्ट वीज असते. रुळावर गेलेले विमान गेले असे समजावे, दुसरे करता येते.

हात बसला की मग बाल्साची एक शीट सर्वांनी मिळून वर्गणीने आणावी. पॉलिश पेपरने पंखाची पुढची कड गोल आणि मागची पातळ करावी, फरक लगेच दिसतो. जागतिक स्पर्धांत मोठी ग्लायडर 50 मीटर दोरीने पतंगासारखी वर नेऊन सोडतात आणि साधारण तीन मिनिटांचे उड्डाण पूर्ण धरतात. आपल्या मुलांनी दहा-पंधरा मीटर सुती दोरा वापरावा. नायलॉन मांजा नको. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली आहे, आणि त्या घारींचे पंखही त्यानेच कापले जातात.

एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानाची मॉडेले बनवणे हा शिक्षणाचा भाग आहे. हा विभाग 1950 साली सुरू झाला आणि त्यात मुलीही असतात. सर्वच शाळा-कॉलेजांत तो नसतो. म्हणून अकरावीला प्रवेश घेताना फीबरोबर हेही विचारून घ्यावे.

पावसाळ्यात बाल्सा दमट होऊन वाकतो, पुठ्ठाही वाकतो. विमान बुटाच्या खोक्यात, पंख सपाट राहील असे ठेवून खोके कपाटावर ठेवावे. दिवाळीनंतर बाहेर काढल्यावर आधी तोल तपासावा, मगच सोडावे.