ईमेलवरील मंजुरीची चाचणी – लेखांक सातवा : ‘नामंजूर’मधला ‘मंजूर’

स्मरणपत्रांच्या घड्याळाविषयी या वेळी लिहीन, असे मी म्हटले होते. परंतु मधल्या आठवड्यात सांगलीकडील एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून घड्याळाकडे वळणे मला प्रशस्त वाटेना. ते लिहितात की, मेलपिट बसवला, १०२५ क्रमांकाच्या पोर्टवर धाडलेली मंजुरीची सर्व पत्रे त्यात अडकतात, ८०२५ वर ती वाचताही येतात, आणि एकही पत्र खऱ्या अधिकाऱ्याच्या मेलबॉक्सात जात नाही. तेव्हा टेस्ट एन्व्हायर्नमेंट पुरी झाली असे समजावे काय?

माझे उत्तर असे की, ती अर्धी झाली. जाणाऱ्या टपालाचा बंदोबस्त झाला, येणाऱ्याचा व्हायचा आहे. आणि मंजुरीचा सारा जीव या येणाऱ्या टपालात असतो. जाणारे पत्र आपण रचलेले असते, त्याचा शब्दन् शब्द आपल्या ओळखीचा. परंतु उत्तर लिहितो तो माणूस, आपल्या सवयीने, आपल्या भाषेत, बहुधा घाईत.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत खरेदीच्या प्रस्तावांना ईमेलने मंजुरी देण्याची व्यवस्था आम्ही उभारत होतो. ‘अप्रूव्ह्ड’ आणि ‘रिजेक्टेड’ अशी इंग्रजी उत्तरे आलटूनपालटून पाठवून आठ दिवस चाचणी झाली होती, मराठी उत्तरांचीही सोय करून ठेवली होती, आणि कोठेही उणे दिसत नव्हते. नवव्या दिवशी तेथील एका ज्येष्ठ लेखापालांना मी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी बसवले. उभा जन्म फायलींवर शेरे लिहिण्यात गेलेल्या त्या गृहस्थांनी पत्र वाचले, चष्मा सारखा केला आणि उत्तर लिहिले : ‘नामंजूर. दर जास्त आहेत. फेरनिविदा मागवावी.’ पत्र येऊन पोहोचताच पडद्यावरील त्या प्रस्तावाची ओळ हिरवी झाली आणि तिच्याखाली खरेदी-आदेशाचा मसुदा तयार झाला.

कारण उघड होते. आमचा प्रोग्राम उत्तरात ‘मंजूर’ ही अक्षरे शोधत होता, आणि ती ‘नामंजूर’च्या पोटात सुखरूप बसलेली होती. ‘मंजूर’ हा शब्द फारसीवाटे आपल्याकडे आला, तो मूळचा अरबी, ‘नजर’ ज्या धातूपासून झाला त्याच धातूचा. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले. त्याला फारसी ‘ना’ जोडला की शब्दाचा अर्थ फिरतो, पण देह तोच राहतो. इंग्रजी जोडीत हा धोका नव्हता, म्हणून आठ दिवसांत तो दिसला नाही.

यावर आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने तत्काळ उपाय केला, तो असा की, शोधायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण घालावी, म्हणजे ‘मंजूर’ सुटा असेल तरच सापडेल. उपाय कोणालाही पटावा असाच होता. परंतु पायथनच्या नेहमीच्या शोध-मॉड्यूलात काना, उकार, अनुस्वार ही चिन्हे अक्षरांत गणली जात नाहीत, त्यामुळे ‘ना’चा काना संपून ‘म’ सुरू होतो तेथेच त्याला शब्दाची सीमा दिसते आणि ‘नामंजूर’ पुन्हा मंजूर ठरतो. उलट जावास्क्रिप्टची शब्दसीमा केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा एवढेच जाणते, म्हणून तेथे दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून लिहिलेला ‘मंजूर’ही सापडत नाही. एकच खूण एका ठिकाणी नकाराला होकार करते आणि दुसऱ्या ठिकाणी होकारही ऐकत नाही. दोन्ही गोष्टी आपल्या लिपीत चाचणी केल्यावाचून कळण्यासारख्या नाहीत.

शिवाय शब्द अचूक ओळखला तरी भागत नाही. ‘मंजूर करता येत नाही’ यात ‘मंजूर’ सुटा आहे आणि उत्तर नकाराचे आहे. ‘हरकत नाही’ यात ‘नाही’ आहे आणि उत्तर होकाराचे आहे. ‘तत्त्वतः मंजूर’ आणि ‘चर्चा करावी’ ही तर धड होकारही नव्हेत, नकारही नव्हेत. म्हणून मी नियम ठेवतो तो दोन्ही बाजूंना सारखा नाही. मंजुरीने पैसा खर्ची पडतो. तेव्हा खाली आलेला मूळ पत्राचा मजकूर आणि सही वगळून उत्तरात ठरलेला तो एकच शब्द उरला, तरच ते मंजूर धरावे. नकाराला मात्र पहिले वाक्य पुरे, पुढे कारणे कितीही लिहिलेली असोत. बाकी सर्व उत्तरे अनिर्णीत ठेवून माणसाकडे रुजू करावीत.

खाली येणारा मूळ मजकूर वगळणे हेही नावापुरते काम नव्हे, कारण ‘मंजूर किंवा नामंजूर असे कळवावे’ ही आपलीच सूचना उत्तराखाली परत येते, आणि जीमेल व आउटलुक ती निरनिराळ्या रीतीने जोडतात. त्यातच १९९६ च्या आरएफसी २०४५ मध्ये सांगितलेल्या ‘कोटेड-प्रिंटेबल’ बांधणीतून देवनागरी आली, तर प्रत्येक चिन्हाची तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘नामंजूर’ची सात चिन्हे अशी त्रेसष्ट अक्षरे व्यापतात आणि ओळीची मर्यादा शहात्तरांची असल्यामुळे वाक्याच्या मध्ये आलेला शब्द सहज दोन ओळींत तुटतो. बांधणी सोडवण्यापूर्वीच शोध घेणाऱ्या प्रोग्रामला तेथे काहीही गवसत नाही. हिंदी सहकाऱ्यांचा नुक्तेवाला ‘मंज़ूर’ही दोन प्रकारे साठवला जातो, तुलनेपूर्वी युनिकोडचे एनएफसी रूप केले की ते दोन्ही एक होतात, पण नुक्ता जात नाही, म्हणून तो शब्द यादीत वेगळा घालावा लागतो.

तेव्हा सांगलीच्या वाचकांना माझे सांगणे असे : मेलपिटशेजारी उत्तरांचे एक दफ्तर ठेवावे. खऱ्या माणसांना, खऱ्या फोनवरून व संगणकावरून, मनास येईल तसे उत्तर लिहायला सांगावे. ती पत्रे मूळ बांधणीसह ‘ईएमएल’ फायलींत साठवावी. प्रत्येकीसमोर अपेक्षित निकाल लिहावा. आणि प्रोग्राममध्ये एक ओळ जरी बदलली तरी सारे दफ्तर पुन्हा त्याच्यापुढे वाचावे. माझ्या दफ्तरात पहिली फाइल त्या लेखापालांच्या उत्तराची आहे. घड्याळाचे प्रकरण पुढील आठवड्यात.