गुडघाभर पाण्यातील मासेमारी
(द्वितीय वर्ष, कला)

वसतिगृहात रात्रीची जेवणे उरकली की गप्पांचा फड जमतो. माझे गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी आहे, हे कळल्यापासून अकलूजच्या मित्रांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढे मोठे धरण असताना तुम्ही काठाकाठानेच मासे का रे धरता?" त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोलापूर जिल्ह्यात उजनी म्हटले की कालवा आणि ऊस एवढेच डोळ्यांसमोर येते. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. असून त्यांपैकी सुमारे ६३ टी.एम.सी. मृत साठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेले की 'धरण मायनसमध्ये गेले' असे लोक म्हणतात. पळसदेवचे जुने मंदिर तेव्हा उघडे पडते. फुगवट्याखालची जमीन म्हणजे एकेकाळची सपाट शेते. त्यामुळे पाणी हातभर उतरले तरी काठ कितीतरी पुढे सरकतो आणि मैलभर गुडघा-कमरेएवढे पाणी पसरून राहते.

मासे नेमके येथेच येतात. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, शेवाळ वाढते, त्यावर किडे जगतात. आमच्याकडील मुख्य मासा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतील. भारतात तो १९५२ साली आणला गेला. त्याचा नर उथळ तळात ताटलीसारखा खळगा करतो आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. थोडक्यात, काठ हे चिलापीचे स्वयंपाकघरही आहे आणि बाळंतिणीची खोलीही.

अशा पाण्यात मोठी होडी चालत नाही. ती गाळात रुतते आणि इंजिनाच्या आवाजाने मासे पळतात. म्हणून आमची होडी पत्र्याची, सपाट बुडाची, एक-दोन माणसांपुरती. ज्याला तीही परवडत नाही, तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसतो. वल्हे पाण्यावर आपटायचे नाही, कारण माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंवरील रेषेने पाण्यातील थरथर कळते. अगदी उथळात वल्हे ठेवून बांबूनेच होडी रेटायची.

आजोबा म्हणत, "उभा राहिलास तर तुला मासा दिसतो, पर माशालाबी तू दिसतोस." बारावीनंतर यामागील शास्त्र समजले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे माशाला बाहेरचे जग डोक्यावरील एका गोल खिडकीतून दिसते, आणि बसलेला माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला जातो. याच कारणाने मासा आपल्याला असतो त्यापेक्षा वर दिसतो. तसेच आपली सावली कुठे पडते, यावर नजर ठेवावी लागते. सावली अंगावर आली की थवा फुटलाच.

परवा मोबाईलवर अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एक चित्रफीत पाहिली. तेथे हौशी लोक समुद्राच्या उथळ खाऱ्या पाण्यात कयाक नावाची अरुंद होडी घेऊन टार्पन, बोनफिश यांसारखे झुंजार मासे गळाने धरतात. होडी हलकी, हालचाल सावकाश, आवाज नाही. आजोबांचेच सारे नियम! फरक एवढाच की ते लोक मासा धरून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडतात. मी ते वडिलांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "त्यांचं पोट दुसरीकडं भरतंय."

वडिलांचे म्हणणे खरे आहे; पण आमचे पोट तरी कशावर भरते? उथळ पाण्यात मोठ्या माशाबरोबर त्याची पिल्लेही असतात. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाच्या ओढजाळ्याला आमच्याकडे वडाप म्हणतात. ते ओढले की बोटाएवढी पिल्लेसुद्धा सुटत नाहीत. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी पैशांची अडचण होती, तेव्हा मीही एक रात्र वडाप ओढायला गेलो होतो. पहाटे होडीत पाहिले तर सारा ढीग पिल्लांचा. सुकवायला टाकण्यापलीकडे त्याला भाव नव्हता. प्रवेश झाला, परंतु त्या ढिगातून पुढे किती पाट्या मासळी झाली असती, याचा हिशेब माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. पाणी उथळ म्हणून माणूस बेसावध राहतो. पण जुन्या विहिरी आणि नदीचे मूळ पात्र त्याच पाण्याखाली आहे, आणि वळवाच्या वाऱ्यात सपाट होडी चटकन कलंडते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले. त्या दिवसापासून आई संध्याकाळी आभाळ पाहिल्याशिवाय वडिलांना काठावर जाऊ देत नाही. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी त्यांच्यासाठी जीवरक्षक जाकीट घेतले. आधी ते हसले, आता घालतात.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी मोठ्या आसाचे जाळे तयार केले. पहिल्या दिवशी मासळी निम्मीच आली. शेजारच्या होडीतून चुलते म्हणाले, "कालिजात जाऊन हेच शिकलास व्हय?" मी काही बोललो नाही. वडील मात्र जाळे झटकत म्हणाले, "बारकं जाऊ दे. पुढच्या साली हितंच येतंय."

तेव्हा मित्रहो, आम्ही काठाकाठानेच मासे धरतो, कारण मासे तेथेच जन्मतात. आणि म्हणूनच तेथे जाळे टाकताना हात थोडा आखडता ठेवावा लागतो.