प्रतिष्ठानहून दिसलेले जग : प्राचीन दख्खनमधील भौगोलिक ज्ञान आणि त्याची मांडणी

प्रस्तावना :

'नकाशा' हा शब्द उच्चारताच कागद, रेषा आणि प्रमाणपट्टी आपल्या डोळ्यांसमोर येते. सातवाहनकाळातील असा रेखाटलेला नकाशा आज उपलब्ध नाही. त्यावरून प्राचीन दख्खनमधील लोकांना भूगोलाचे ज्ञानच नव्हते, असे काही जण मानतात. तर आपल्या पूर्वजांना सर्व काही ज्ञात होते, असे काही जण अभिमानाने सांगतात. ही दोन्ही मते उपलब्ध पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. प्रस्तुत लेखात पैठण, म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान, केंद्रस्थानी ठेवून चार साधनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१) मार्गाचा भूगोल :

पाली वाङ्मयातील सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी या ब्राह्मणाची कथा येते. तो कोसल देशातून दक्षिणापथात येऊन गोदावरीकाठी राहिला होता. बुद्धाच्या भेटीसाठी त्याने आपले सोळा शिष्य उत्तरेकडे पाठविले. त्यांच्या प्रवासातील स्थळे क्रमाने दिली आहेत : प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, गोनद्ध, विदिशा, पुढे कौशांबी, साकेत आणि श्रावस्ती. येथे अंतर दिलेले नाही, दिशाही दिलेली नाही. परंतु क्रम अचूक आहे. गोदावरी सोडल्यावर नर्मदा, त्यानंतर माळवा, त्यानंतर गंगा-यमुनेचा प्रदेश, हा क्रम आजच्या नकाशावरही तसाच दिसतो. पाठांतरावर आधारलेल्या समाजात स्थळांची अशी क्रमवार यादी हाच प्रवाशाचा नकाशा होता.

या मार्गांवरील वर्दळीचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांत प्रतिष्ठानच्या मितदेव या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे.

२) सत्तेचा भूगोल :

नाशिक येथील लेणे क्रमांक ३ मधील लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ मधील आहे. त्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या अधिपत्याखालील प्रदेश नोंदविले आहेत : असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. त्यापुढे विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र इत्यादी पर्वतांची नावे येतात. ही प्रशस्ती आहे. दक्षिणेकडील मलय आणि पूर्व किनाऱ्याजवळील महेंद्र या पर्वतांपर्यंत त्याची प्रत्यक्ष सत्ता होती, असे त्यावरून समजू नये. तथापि राज्यविस्तारासंबंधीची अतिशयोक्ती ही भौगोलिक ज्ञानाच्या दृष्टीने साक्षच ठरते. ज्या पर्वतांवर राजाची सत्ता नव्हती, तेही लेख रचणाऱ्यास ठाऊक होते. याच लेखात राजाच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे वर्णन आहे. दक्षिणेकडील भूमीच्या तीन बाजूंना समुद्र आहे, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते.

३) व्यापाऱ्याचा भूगोल :

इ.स. पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा ग्रंथ लिहिला. बॅरिगाझा, म्हणजे भडोचच्या पुढे किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ जातो आणि त्यामुळे या प्रदेशास 'दक्षिण' या अर्थाचे नाव आहे, असे तो सांगतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याची नोंद तो करतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत पट्ट्यांचे दगड व तगरहून कापड गाड्यांमधून भडोचला येत असे. येथे अंतराचे माप आहे, मात्र ते लांबीचे नसून काळाचे आहे.

४) गणिताचा भूगोल :

इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे टॉलेमीने सुमारे ८,००० स्थळांना अक्षांश-रेखांश दिले. पैठण ही 'सिरोटोलेमायोस'ची, म्हणजे श्री पुळुमावीची, राजधानी असल्याचे त्यास माहीत होते. त्याची राजकीय माहिती ताजी व बिनचूक होती. मात्र त्याच्या मांडणीत भारताचा पश्चिम किनारा दक्षिणेकडे न जाता पूर्वेकडे वळतो. द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे होते आणि श्रीलंका अवाढव्य होते. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडिया मानला होता. टॉलेमीने १,८०,००० मानला. त्यातच प्रवाशांनी सांगितलेल्या दिवसांचे अंशांत रूपांतर करावे लागले. पद्धत शास्त्रीय होती, पण तिला पुरविलेली सामग्री तेवढी काटेकोर नव्हती. नाशिकचा लेख आणि पेरिप्लस यांना जे ठाऊक होते, ते या शास्त्रीय मांडणीत हरवले.

५) तगरचा शोध : एक पडताळणी

तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बरेच मतभेद झाले. विल्फर्डने देवगिरी, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचविले. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर असल्याचे प्रतिपादन केले व ते पुढे सर्वमान्य झाले. तेर येथील उत्खननांत सातवाहनकालीन अवशेष मिळाले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी साम्य दर्शविते.

आता पेरिप्लसची नोंद नकाशावर तपासता येते. सरळ रेषेत भडोच ते पैठण हे अंतर सुमारे ३५० किमी, तर पैठण ते तेर सुमारे १५० किमी आहे. वीस आणि दहा दिवस हे प्रमाण स्थूलमानाने जुळते. दिशा मात्र चुकते : तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. देवगिरी पैठणपासून जेमतेम ५० किमीवर, तीही उत्तरेस. जुन्नर तर पश्चिमेस आहे. म्हणजेच वाटेचे दिवस विश्वसनीय, दिशा ढोबळ. चालणाऱ्या माणसास मुक्काम मोजता येतात, कोन मोजता येत नाहीत, हे ध्यानात घेतल्यास या विसंगतीचा उलगडा होतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्राचीन साधनांकडे 'बरोबर की चूक' एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. शिष्यांना क्रम हवा होता, राजास विस्तार, व्यापाऱ्यास दिवस आणि गणितज्ञास अंश. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरते अचूक ज्ञान जपले. आपण वर्गात टॉलेमीचा नकाशा दाखवितो आणि विद्यार्थी त्यास हसतात. त्याऐवजी महाराष्ट्र-गुजरातचा कोरा नकाशा देऊन, पेरिप्लसमधील वीस व दहा दिवसांवरून तगर शोधण्यास त्यांना सांगावे. दिशा प्रमाण मानणारे विद्यार्थी परभणी-नांदेडकडे सरकतील, तर अंतर प्रमाण मानून शोध घेणाऱ्यांना तेरपर्यंत पोहोचता येईल. कोणत्या साधनावर कोणत्या बाबतीत विश्वास ठेवावा, हा इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांचा मूलभूत धडा त्यांना आपल्याच परिसरातून मिळेल.