विश्लेषण : आजीचा डॉक्टर मोबाइलवर, पण ओटीपी कुणाच्या हातात?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधील ज्येष्ठांना तज्ज्ञ डॉक्टरांसाठी अनेकदा कल्याण, ठाणे किंवा मुंबईची लोकल पकडावी लागते. गुडघे दुखत असतील तर स्थानकाचा जिनाच आधी आडवा येतो. घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची मोफत सरकारी सोय आहे. ती वापरताना सुरुवातीला शेजारी कुणी बसले तर काम सोपे होते. महाविद्यालयीन विद्यार्थी हे करू शकतात. कसे, ते पाहू.

सोय कोणती?

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’. तिची घरून सल्ला घेण्याची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत सुरू झाली. मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा, त्रास लिहायचा, रिपोर्ट जोडायचे आणि रांगेत थांबायचे. नंबर आला की व्हिडीओ कॉल होतो आणि औषधांची चिठ्ठी मोबाइलवर मिळते.

अडते कुठे?

कॅमेरा-माइकची परवानगी, बारीक अक्षरे आणि ओटीपी, या तीन ठिकाणी. आधारवरून ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढताना ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो क्रमांक नोकरीवर गेलेल्या मुलाचा असेल, तर काम तिथेच थांबते. शिवाय ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे ज्येष्ठांनी शंभरदा ऐकलेले असते. त्यामुळे अनोळखी मुलांबद्दल वाटणारी शंका रास्तच आहे.

विद्यार्थीच का?

राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असते. त्यातले काही तास आपल्याच वस्तीत देता येतील. उल्हासनगरात अनेक ज्येष्ठ सिंधी बोलतात. सिंधी जाणणारा विद्यार्थी तिथे अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मदत करताना काय पाळावे?

* फोन ज्येष्ठांच्याच हातात द्या. बोट त्यांचे, सूचना तुमची. ओटीपी त्यांनीच वाचावा, त्यांनीच भरावा.
* कॉलआधी चालू गोळ्या, साखर आणि रक्तदाबाचे आकडे कागदावर लिहून ठेवा.
* अक्षरे आणि आवाज मोठा करा. खिडकीकडे तोंड करून बसवा.
* डॉक्टरांना उत्तरे रुग्णालाच देऊ द्या. खासगी बोलायचे असेल तर बाहेर थांबा.
* चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. औषधाबद्दल स्वतःचे मत देऊ नका.
* रिपोर्टचे फोटो आपल्या फोनमध्ये ठेवू नका.

कार्डाचा गोंधळ काय?

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यातील पाच लाखांपर्यंतचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. मोबाइलवरील सल्ल्यासाठी हे कार्ड लागत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधीच सांगा.

मोबाइल कधी बाजूला ठेवायचा?

छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोबडी वळणे यापैकी काहीही दिसले तर व्हिडीओ कॉलची वाट पाहू नका, थेट १०८ वर फोन करा. मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो.

मदत जमली की नाही, हे पहिल्या कॉलवरून कळत नाही. पुढच्या वेळी आजींनी स्वतःहून कॉल लावला, तर ती जमली.